मदत हवी आहे: मुलगी एटीआरवर को-पायलट आहे, डोंबिवलीतून रोजची ड्युटी झेपेल का?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी विमान कंपनीत असेल किंवा कुणाच्या घरात पायलट असेल, तर सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकी अडचण कळेल.

माझी मुलगी एका विमान कंपनीत एटीआर ७२ वर (साधारण सत्तर आसनांचं, पंख्यांचं छोटं विमान) को-पायलट आहे. बेस मुंबई. ट्रेनिंग संपून आता पूर्ण रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, सुरू झालाय. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. कंपनीची गाडी ठराविक हद्दीपर्यंतच येते आणि डोंबिवली त्या हद्दीबाहेर, त्यामुळे टॅक्सी स्वतःच करावी लागते.

पायलट म्हटलं की नातेवाइकांना लंडन आणि पंचतारांकित हॉटेल दिसतं. हिचं काम म्हणजे दीव, परत मुंबई, मग भूज, परत मुंबई. एका दिवसात चार टेकऑफ, चार लँडिंग. एकेक फेरी तासा-दीड तासाची, वर स्थिरावेपर्यंत खाली उतरायची तयारी सुरू. एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणजे पावसाळ्यातले मोठे ढग ओलांडता येत नाहीत, बाजूने वाट काढावी लागते. जमिनीवर थांबलं की मधला वेळ अर्धा तास. तेवढ्यात एकाने खाली उतरून विमानाभोवती फेरी मारायची: टायर, पंखे, कुठे तेल गळतंय का. पावसातसुद्धा. मागच्या आठवड्यात बुटांतून पाणी गेलं होतं, तसेच ओले मोजे घालून ती पुढच्या दोन फेऱ्या उडाली. डबा उरलेल्या पाच-सात मिनिटांत. या विमानाला जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजवं इंजिन चालू ठेवून पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि त्यावर वीज-एसी चालवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. तरी मे महिन्यात भूजला कॉकपिट तापतंच, असं ती सांगते.

कष्टांबद्दल तिची तक्रार नाही. तिला हेच करायचं होतं. प्रश्न झोपेचा आहे.

सव्वासातचं उड्डाण असेल तर सहानंतर रिपोर्टिंग. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नव्या नियमांत रात्र म्हणजे १२ ते ६, म्हणजे कागदावर ही दिवसाची ड्युटी. पण डोंबिवलीहून साडेचारला निघायचं तर साडेतीनला उठायला हवं. ते तास कोणत्याच हिशेबात येत नाहीत, कारण ड्युटी रिपोर्टिंगपासून मोजतात. शरीर सगळ्यात सुस्त असतं ते पहाटे दोन ते सहा, नेमक्या त्याच वेळी ही टॅक्सीत बसून शिळफाटा ओलांडत असते. दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती, किंवा आधीची ड्युटी त्याहून मोठी असेल तर तेवढी, असा नियम आहे. तो पाळलाही जातो. पण त्यातून येण्याजाण्याचे तास वजा केले की काय उरतं ते मला रोज डोळ्यांनी दिसतं.

बरं, साडेतीनला उठायचं तर साडेसातला झोपायला हवं. साडेसातला आमच्या बिल्डिंगमध्ये दिवस सुरू होतो! खाली मुलांचं क्रिकेट, सासूबाईंच्या मालिका, दर पंधरा मिनिटांनी बेल. गणपतीच्या आधी महिनाभर समोरच्या मैदानात ढोलपथकाचा सराव. सासूबाईंचा जीव तिच्यावर आहे, म्हणून "उपाशी झोपली पोर" म्हणून उठवून वरणभात भरवतात. त्यांना कसं समजवायचं?

मिस्टरांचं म्हणणं, घर असताना भाडं कशाला. तेही अगदी चूक नाही. सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) आणि टाइप रेटिंगसाठी (ठराविक विमान उडवण्याचं प्रशिक्षण) काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. पण मला वाटतं, विमानतळाजवळ खोली घेणं ही आता चैन राहिलेली नाही. मागे सत्तर माणसं बसलेली असतात.

तर विचारायचं हे: विमानतळाजवळ राहून काम करणाऱ्यांना खरंच फरक पडतो का? घरच्या घरी दिवसाउजेडी झोप कशी जमवता? आणि घरगुती औषधांचं काय? मागे खोकल्यासाठी सासूबाई द्राक्षासव देणार होत्या, ती घाबरून नको म्हणाली.

प्रतिसाद: चकालावाली

ताई, माझे मिस्टर एअरबसवर आहेत, पण सुरुवात त्यांनीही एटीआरवरच केली. खोली घ्या. एकटीने नाही, दोन-तीन क्रू मुलींनी मिळून. मरोळ, चकाला, सहार भागात असे बरेच फ्लॅट आहेत. प्रत्येकीचा रोस्टर वेगळा, त्यामुळे कुणीतरी नेहमी झोपलेलंच असतं, तिथे बेल वाजवायची नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. स्टँडबायच्या दिवशी तर याचा फार उपयोग होतो, फोन आला की ठराविक वेळेत पोचावं लागतं.

आठवड्याची सुट्टी आता ३६ ऐवजी सलग ४८ तासांची आहे, त्यात दोन रात्री धरलेल्या असतात. त्या दोन रात्री डोंबिवलीत काढू दे. तेव्हा आजींनी हवं तेवढं भरवावं.

खोलीला काळे जाड पडदे लावा आणि दाराची फट टॉवेलने बंद करा. आमच्याकडे रोस्टर फ्रिजवर लावलेला असतो, झोपेच्या वेळा लाल पेनाने. सासूबाईंना तोंडी सांगून पटेना, लाल रंग बघून पटलं.

प्रतिसाद: डॉ. निवृत्त

औषधांबद्दल. मुलगी बरोबर वागली. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर, काही कफ सिरप, काही माउथवॉश यांतही असतं. उड्डाणाआधीच्या श्वासचाचणीत थोडंसंही चालत नाही आणि उड्डाणाआधी १२ तास अल्कोहोल वर्ज्य आहे. अमली पदार्थांचीही अचानक चाचणी होते, तेव्हा दिवाळीत अनारसे आणि खसखशीची खीर जपून. खसखशीमुळे लघवीत मॉर्फीनचा अंश सापडू शकतो.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. सर्दीत कान बंद असताना उडणंही वाईट, उतरताना पडद्यावर दाब येतो. अशा दिवशी सरळ "अनफिट" कळवायचं. नवीन मुलं भिडेखातर कळवत नाहीत, तिला एवढं मात्र आवर्जून सांगा. कोणतीही गोळी घेण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांना विचारायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लाल पेन आजच आणलं. मिस्टरांना प्रतिसाद वाचून दाखवले, ते म्हणाले तीन जणींत भाडं किती पडतं ते आधी बघू. म्हणजे निम्मं काम झालं.

आता एकच. अविवाहित मुलींना जागा द्यायला सोसायट्या खळखळ करतात, पहाटे चारला गाडी येते म्हटलं की आणखीच. मरोळ-चकाला भागात क्रूला जागा देणारी सोसायटी कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक तारखेपासून हवी आहे.