साइटवर सापडलं नाही की लोक म्हणतात, असा जीआरच नाही

वाचनालयवाली: आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बरेच जण जीआर, म्हणजे शासन निर्णय, शोधायला येतात. निवृत्त शिक्षक, भरतीची तयारी करणारी पोरं, घरचा कमावता माणूस गेलेली कुटुंबं. सगळ्यांना गुगलची सवय. त्यामुळे शासनाच्या जीआरच्या साइटवरही ‘वडील वारल्यावर मुलाला नोकरी मिळते का’ असं अख्खं वाक्य टाकतात. यादी रिकामी येते आणि माणूस उठून जातो. मला हे फार लागतं, कारण अनुकंपाचे, म्हणजे सरकारी कर्मचारी वारल्यावर घरच्याला नोकरी देण्याबाबतचे, जीआर तिथेच असतात. उलट गुगलवर हमखास काहीतरी येतं: यूट्यूबचे व्हिडिओ, बातम्या, कुणीतरी चढवलेली जुनी पीडीएफ. तो जीआर पुढे अधिक्रमित झाला, म्हणजे त्याच्या जागी नवा आला, असेल तर त्या पीडीएफवरून कळणार कसं? शोधायची चौकट दोन्हीकडे सारखीच दिसते. लोकांना फरक कसा समजावता?

आस्थापना_टेबल: ताई, मी सांगतो ते असं. गुगल तुमच्या बोलण्याचा अर्थ लावू बघतं. जीआरच्या साइटवर तिथल्या नोंदीतला शब्द जुळावा लागतो. आधी विभाग निवडा. अनुकंपासाठी सामान्य प्रशासन. मग एकच शब्द, ‘अनुकंपा’. ‘नियुक्ती’ नको, तो कुठे ‘नियुक्त्या’ होतो, कुठे ‘नियुक्तीबाबत’. हातात एखादा जीआर असेल तर शेवटचा परिच्छेद वाचा, ‘त्याचा संकेतांक … असा आहे’. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. २०१७०९२१ असेल तर २१ सप्टेंबर २०१७. अनुकंपाचे तोवरचे आदेश एकत्र करणारा जीआर त्याच तारखेचा होता.

पीडीएफवाला: गुगलमध्येच इंग्रजीत ‘साइट’, कोलन आणि जागा न सोडता साइटचा पत्ता टाकला की तेवढ्याच साइटचे निकाल येतात. पण गुगलने नोंदवलेलीच पानं दिसतात. फॉर्म भरल्यावर उघडणारं बरंचसं त्यात नसतं. तिथेही रिकामं आलं म्हणून कागद नाही असं समजू नका.

वाचनालयवाली: दोघांचे मनापासून आभार. आता क्रम असा ठेवते: आधी गुगलवर आपल्या भाषेत विचारायचं, सरकारी शब्द कोणता ते बघायचं, आणि तो शब्द घेऊन साइटवर जायचं. अडचण विभागाची राहते. शाळेचं काम ‘शालेय शिक्षण व क्रीडा’कडे आणि कॉलेजचं ‘उच्च व तंत्र शिक्षण’कडे, हे कितीजणांना ठाऊक? विभागांची यादी मोठ्या अक्षरात छापून संगणकाशेजारी लावते. कुणी तयार केली असेल तर इथे टाका.