कँकामॉगस हायवे: सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसात जमेल का?

रानजाई:
सासूबाई-सासरे नागपूरहून आलेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पानांचे रंग बघायला न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्सला, तिथल्या डोंगरातून जाणाऱ्या कँकामॉगस हायवेने न्यायचंय. सासरे वनखात्यातून रिटायर झालेत, झाडं बघायची हौस दांडगी, पण गुडघे साथ देत नाहीत. बॉस्टनहून सकाळी निघून रात्री परत, असं होतं का? वाटेत खायला मिळतं?

भटकभवानी:
आरामात होतं. हा हायवे कॉनवे गावापासून लिंकन गावापर्यंत जेमतेम ३४ मैल, न थांबता तासाभरात संपेल. पण संपवायला जाऊ नका.

कॉनवेकडून शिरा. सकाळचं ऊन पाठीशी राहतं, आणि लिंकनला उतरलं की आय-९३ महामार्ग धरून सरळ घर. गॅस (पेट्रोल) कॉनवेलाच भरा, मध्ये पंप नाही, हॉटेल नाही, फोनला रेंजही बहुतेक ठिकाणी नाही. धपाटे, चटणी, थर्मासभर चहा घरून न्या. थांब्यांवर पार्किंगचे दिवसाचे ५ डॉलर, सुटे ठेवा.

गुडघ्यांसाठी लोअर फॉल्स. गाडीतून उतरलं की स्विफ्ट नदी समोर, दगडांवरून घरंगळत जाणारी. लोक व्ह्यूपॉइंटचे फोटो काढत सुटतात. मला विचाराल तर हा रस्ता नदीचा आहे. सॅबाडे धबधब्यापाशी पायऱ्या आहेत. सासऱ्यांना खाली बाकावर बसवून तुम्ही दोघी जाऊन या. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारच्या (कोलंबस डे) सुट्टीला मात्र चुकूनही नको, मुंगीच्या पावलांनी गाड्या सरकतात.

कोकणकडा:
नदीचं कौतुक पुरे! या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे खिंड, २,८५५ फुटांवर, तिथले रंग आधी उतरतात. वर बोडकं दिसलं तर हिरमुसू नका, कॉनवेच्या बाजूला मेपल लाल असतील. वळणांचं म्हणाल तर माळशेज बघितलेल्याला हॅनकॉक व्ह्यूपॉइंटजवळचं एक वळण सोडलं तर घाट वाटणारच नाही.

वनखात्यातले आहेत म्हणून सांगतो: एकोणिसाव्या शतकात लाकूड कंपन्यांनी हे डोंगर उघडे केले होते. १९११च्या वीक्स कायद्याने सरकारला खाजगी जमीन विकत घेता आली, १९१८ला हे राष्ट्रीय वन झालं. म्हणजे दिसतं त्यातलं बरंचसं जंगल परत वाढलेलं. लिंकन वूड्सला थांबा. तिथली पायवाट म्हणजे लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेचा मार्ग, स्लीपर अजून दिसतात. सुरुवातीला थोड्या पायऱ्या उतरायच्या, पुढे सपाट.

रानजाई:
दोघांचे आभार! सासऱ्यांना वाचून दाखवलं. लगेच प्रश्न: आता तिथे तोड होते की पूर्ण बंद?

कोकणकडा:
होते. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. आखणी करून, ठरावीक पट्ट्यांत लाकूड विकतात. शिकारही परवान्याने चालते, त्यामुळे शरद ऋतूत आत पायवाटेवर जाणार असाल तर भडक केशरी काहीतरी अंगावर असू द्या.