झाडतोडीच्या कामावर सेफ्टी कशी आणायची? पोरं हेल्मेट घालायलाच तयार नाहीत

कणकवलीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. बाबांचा मालकी (खासगी जमिनीतल्या) झाडतोडीचा धंदा आहे, आता मीच बघतो. सात-आठ माणसं, दोन कटर मशीन (चेन-सॉ), बहुतेक काम आकेशिया आणि ऐन-किंजळीचं. मागच्या महिन्यात एकाच्या पायाला चालू चेन लागली, नडगीवर टाके पडले, हाड वाचलं हे नशीब. लगेच हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बूट असं सगळं आणलं पण दोन दिवसांत सामान टेम्पोत पडून आणि पोरं परत स्लिपरवर. घाम येतो म्हणतात, बूट चढावर घसरतात म्हणतात. रोज ओरडून मीच कंटाळलो. कुणी हे जमवलंय का, कसं जमवलं?

सह्याद्रीतला_कटरवाला:
भावा आधी एक सांग, पैसे कसे देतोस? रोजावर की उक्ते, घनफुटावर? घनफुटावर असतील तर हेल्मेट हा नंतरचा विषय. घनफुटावर माणूस पळतोच, एक झाड दुसऱ्यात अडकलं की ते नीट उतरवायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे शून्य, मग कुणीतरी खाली घुसून ज्या झाडाने ते धरलंय तेच तोडायला जातो. माणसं अशीच जातात. अडकलेलं झाड ट्रॅक्टरने नाहीतर विंचने लांबून ओढायचं आणि तोवर खाली कुणी फिरकायचं नाही. त्या वेळेची हजेरी तू दिलीस तर पोरं थांबतील, नाहीतर तू कितीही ओरड.

दुसरं म्हणजे खाच. ज्या बाजूला पाडायचंय तिकडे बुंध्याच्या जाडीच्या पाव भागाइतकी खाच, मग मागून खाचेच्या तळापेक्षा थोडा वर काप, पण आरपार नाही, मधे जाडीच्या दहाव्या भागाएवढं लाकूड बिजागरीसारखं सोडायचं. झाड त्याच्यावरच वळतं. आमच्याकडे कित्येक जण गडबडीत ते पण कापून टाकतात मग झाड वाटेल तिकडे जातं. पाडायच्या आधी मागे तिरकी पळायची वाट साफ करायची, वेली तोडायच्या, आणि ऑपरेटर सोडून बाकी सगळे झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. उतारावर खालच्या अंगाला कोणीच नको, ओंडका गडगडत सुटला की संपलं.

देवगडवाली:
पायाला लागली म्हणालात तर पोरांना हेल्मेटच्याही आधी कटरसाठीची पॅंट नाहीतर पुढून बांधायचे चॅप्स द्या, आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रॉकेट) अडकतात आणि चेन थांबते. साध्या जीन्सचा काही उपयोग नाही. उकाड्यात चॅप्स बरे, मागून उघडे असतात. आणि बारच्या (चेन ज्याच्यावर फिरते ती लांब पट्टी) टोकाच्या वरच्या भागाने कधीच कापू नका, मशीन उसळून थेट तोंडावर येतं. चेन ब्रेक (मशीन उसळलं तर चेन थांबवणारा) रोज सकाळी चालतो का बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. कानाचं पण बघा, कटरचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, आमच्या गावचे जुने ऑपरेटर हाक मारली तरी वळत नाहीत.

मालवणी_माणूस:
कटरवाल्यान सांगल्यान ता बरोबर हा. रोज दिल्यार पोरगे झाडाक बघून तोडतत, घनफुटावर दिल्यार घड्याळाक बघून.

कणकवलीचा_पोरगा:
हो, घनफुटावरच देतो :( आणि चॅप्स हा प्रकार मला माहीतच नव्हता. दुकानदाराने नुसतं पिवळं हेल्मेट पुढे केलं. अजून एक, गोचीड चावतात त्याचं काय? पुढच्या कामाची साईट दोडामार्ग साईडला आहे.

सह्याद्रीतला_कटरवाला:
दोडामार्ग म्हणजे माकडतापाचा भाग, तो ताप गोचिडीच्या चाव्यानेच होतो, 2016 पासून तिकडे पेशंट सापडतायत. आपला तोडीचा सीझन आणि त्या तापाचा सीझन एकच, डिसेंबर ते मे. फुल बाह्या, पॅंट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं औषध, घरी गेल्यावर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. साईटवर मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि ताप आला तर डॉक्टरला ‘जंगलात काम करतो’ हे सांगायला पोरांना शिकव, नाहीतर साधा व्हायरल म्हणून गोळ्या देऊन पाठवतात.

वकील_सावंतवाडी:
कटरवाल्यांनी पैशाचं काढलंच आहे तर त्यात अजून एक. कामगार भरपाईचा जुना कायदा 1923चा, आता ते सगळं 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलंय. जुन्या कायद्यातच भरपाई लागू असलेल्या कामांच्या यादीत वनकाम होतं. लोकांना वाटतं, हेल्मेट घातलं नाही तर चूक कामगाराची. छोट्या दुखापतीत तसा बचाव घेता येतो, पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो बचाव चालत नाही, पैसे मालकाला भरावेच लागतात. ‘सामान दिलं होतं, त्याने घातलं नाही’ यावर विसंबू नका. वर्कमेन पॉलिसी (कामगारांच्या अपघात भरपाईचा विमा) काढा, पण आपल्या सगळ्याच माणसांची नावं आणि खरी मजुरी लिहून. प्रीमियम वाचवायला दोघांचीच नावं टाकणारे मी पाहिलेत.

देवगडवाली:
@कणकवलीचा_पोरगा आणि वायरमनला विसरू नका हां, महावितरणची लाईन जवळून जात असेल तर सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात नको. ‘पडणार नाही त्या बाजूला’ असं म्हणणारा प्रत्येक साईटवर एक तरी असतोच.

कणकवलीचा_पोरगा:
ठरलं, पुढच्या साईटला हजेरीवर. बाबा चिडणार आहेत, खर्च वाढतो म्हणून. चॅप्स ऑनलाइन बघतोय, साईज कशी घ्यायची ते कुणी सांगा, आमचा एक ऑपरेटर साडेसहा फूट आणि दुसरा जेमतेम पाच.