दिवाळीच्या पार्सलातून कापूर आणि खोबरं बाहेर काढलं, का?

सांगलीकरीण: डब्लिनला लेकीकडे पार्सल पाठवलं. चकल्या, करंज्या, उटणं, पूजेचा कापूर, स्प्रेचं अत्तर, चार खोबऱ्याच्या वाट्या, जावयांसाठी पॉवरबँक. कुरिअरवाल्याचा फोन, "मॅडम, चार आयटम डेंजरस आहेत, काढावे लागतील." अहो, गेल्या वर्षी मी स्वतः गेले तेव्हा हेच अत्तर माझ्या बॅगेत होतं, कुणी हूं की चूं केलं नाही! आणि खोबरं कधीपासून डेंजरस?

जुना कार्गोवाला: काकू, सहारला कार्गोत एकवीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. कुरिअरवाला बरोबर आहे. स्प्रेच्या अत्तरात अल्कोहोल असतं. ज्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते ते, ६० अंशांपर्यंत आहे तो ज्वलनशील, धोकादायक मालाच्या वर्गवारीत क्लास ३. अत्तराचा यूएन नंबर, म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १२६६. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती सूट असते: एक बाटली ५०० मिलीपर्यंत, सगळं मिळून २ लिटर. पार्सलला ती सूट नाही. तिथे जाहीर करा, ठरलेलं पॅकिंग करा, लेबल लावा. घरगुती पार्सलाला हा खटाटोप कोण करणार?

खोबऱ्याचं ऐकून सगळेच हसतात. पण कोप्रा, म्हणजे सुकं खोबरं, यूएन १३६३, क्लास ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल. त्यातलं तेल हवेशी संयोग पावतं, उष्णता आतच कोंडते. धोका खरा गोणीभर खोबऱ्याचा, पण नियम वाट्या मोजत बसत नाही. तुमच्या बॅगेतही चालणार नाही. कापूर ज्वलनशील घन, क्लास ४.१.

पुणेरी वायर: पॉवरबँकचं मी सांगतो. समजा ती २०,००० एमएएचची आहे. २०,००० गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४ वॉट-अवर. शंभर वॉट-अवरच्या मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे केबिन बॅगेत नेता येते, चेक-इनमध्ये नाही. पण पार्सलात पॉवरबँक म्हणजे सुटी बॅटरीच, आणि सुटी लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून कार्गो म्हणून जातच नाही. मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच. जावयांना तिकडेच घ्यायला सांगा.

सांगलीकरीण: करंज्यांच्या सारणातही खोबरंच आहे की हो!

जुना कार्गोवाला: भाजलेलं, साखरेत मुरलेलं, वर मैद्याचं कवच! तो खाऊ झाला, कोप्रा नाही. यादीत फक्त "खोबरं" लिहू नका, "करंजी, गोड पदार्थ" लिहा. आणि अत्तर द्यायचंच असेल तर पुढच्या वेळी स्वतःच्या बॅगेतून न्या.

सांगलीकरीण: कापूर देवघरात परत ठेवला. वाट्या किसायला घेतल्यात.