मेंदू खाली बसतो, स्क्रीनला पत्ताच नसतो: मॉडेल हवं की नको?

जाळीवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सॉफ्ट टिश्यू मॉडेलिंग म्हणजे पीएचडीवाल्यांचा टाइमपास, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एमआरआय लावा, विषय संपला." राहवलं नाही म्हणून लिहितोय. हे मॉडेलिंग म्हणजे मेंदूसारखा मऊ अवयव ऑपरेशनमध्ये किती सरकेल त्याचा गणिताने काढलेला अंदाज. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण, उघडला की सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी, वाहून जातं, मेंदू स्वतःच्या वजनाने खाली बसतो, कधी कधी तब्बल एक सेंटिमीटर, आणि हत्याराचं टोक मेंदूत कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारं नॅव्हिगेशन मात्र ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरच चालू. पॉइंटर मेंदूवर नुसता टेकवलाय आणि स्क्रीनवर टोक आत घुसलेलं, हे मी ओटीत उभं राहून बघितलंय.

रेडिओ७१: ते मीच लिहिलं, अजूनही तेच म्हणतो. बॉस्टनला १९९४ पासून ओटीत एमआरआय आहे. खरं चित्र मिळत असताना गणिताचा अंदाज कशाला? मेंदू किती मऊ तेही धड माहीत नाही, टेस्ट केल्या डुकराच्या मेंदूवर.

जाळीवाला: तसली ओटी किती गावांत आहे ते सांगा आधी. शिवाय दर स्कॅनला ऑपरेशन थांबतं. आणि मऊपणाचं म्हणाल तर रबराचं एक टोक खिळ्याला बांधा, दुसरं एक सेंटिमीटर ओढा, बरोबर मधली खूण अर्धा सेंटिमीटरच सरकणार, रबर कडक असो नाहीतर ढिलं. उघडा पृष्ठभाग किती बसला ते कॅमेऱ्याने मोजून मॉडेलला दिलं की आतलं सरकणं बरंचसं तिथेच ठरतं, ऑस्ट्रेलियात पर्थच्या कॅरोल मिलर यांच्या टीमने हेच दाखवलंय.

सांगलीकरीण: रबर राहू द्या. माझ्या बाबांच्या बिलात नॅव्हिगेशनचे पैसे वेगळे लावले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्ध्यावर स्क्रीन बघणंच सोडलं, भरवसा नव्हता. मग हे आधी का नाही सांगितलं?

रेडिओ७१: ताई, बिलाचा धागा वेगळा काढा.

सांगलीकरीण: का काढू? आईच्या पाटल्या मोडून भरलेत ते पैसे. यंत्र कुठवर खरं दाखवतं हे पेशंटच्या माणसांना कळणारच नसेल तर तुमचा एमआरआय काय आणि यांचं मॉडेल काय, आम्हाला सारखंच.

जाळीवाला: त्यांना गप्प करू नका, विषय हाच आहे. एक सेंटिमीटर चुकलंय हे स्क्रीनवर कुठेच लिहून येत नाही, राग त्याचाच आहे.

रेडिओ७१: बरं, ड्युरा उघडल्यावर मेंदू बसतो तेवढ्यापुरतं मानतो. पण ट्यूमर अर्धा काढल्यावर? तिथे पोकळी झाली, मॉडेलसाठी मेंदूचे छोटे छोटे तुकडे पाडून केलेली जुनी जाळी काय कामाची?

जाळीवाला: तिथे अवघड आहे, नाही म्हणत नाही. जाळी नव्याने कापावी लागते, जोडीला अल्ट्रासाऊंड घ्यावा लागतो. पण टाइमपास हा शब्द मागे घ्या.

रेडिओ७१: शब्द घेतो मागे. एमआरआयचं मत तेच आहे.

सांगलीकरीण: गुरुवारी बाबांचा फॉलोअप आहे. अल्ट्रासाऊंड लावला होता का, तेवढं डॉक्टरांना विचारून येते.