प्रतिसाद: अर्थ फक्त आवडीच्या कामातच असतो का?

पगार तुटपुंजा आणि वरिष्ठ छळणारा असेल तर कामातला अर्थ शोधायचे सल्ले देऊ नयेत, हे कामातल्या अर्थाबद्दलच्या एका पोस्टमधलं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याच पोस्टमधलं 'आवडीचं काम मिळालं तरच अर्थ, बाकी सगळं पाट्या टाकणं' हे मात्र पटत नाही. लोक आपल्या कामाकडे कसं पाहतात याचा अभ्यास करणाऱ्या एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं होतं. हुद्दा तोच, काम तेच. काहीजण सांगितलं तेवढंच करत आणि त्या कामाला फारसं कौशल्य लागत नाही असं म्हणत. काहीजण मात्र रुग्णांशी, त्यांच्या नातेवाइकांशी बोलत, नर्सची धावपळ पाहून आपली वेळ जुळवून घेत, आणि त्यांना तेच काम कौशल्याचं वाटे. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना हे.

मी औषधांच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपत्रकांची प्रुफं तपासते. बारीक टाइप, तीच तीच वाक्यं, डोळे शिणतात. या कामाची आवड वगैरे मला कधीच नव्हती. पण ०.५ मिलिग्रॅममधला तो टिंब गळला तर डोस दहापट होतो, आणि ते पत्रक कुणीतरी रात्री आजारी आईच्या उशाशी बसून वाचणार असतं. त्या वाचणाऱ्याचा विचार मनात यायला लागल्यापासून आकड्यांची ओळ मी बोट ठेवून, उलट्या बाजूनेही वाचते. हे कुणी मला सांगितलेलं नाही, आणि याचे जादा पैसेही मिळत नाहीत (ते मिळायला हवेत, हेही तितकंच खरं).