टवेराचा पुढचा डावा कोपरा बसलाय, टॉर्शन बार अजून आवळू का?

केटरर_गारगोटी
नमस्कार मंडळी. माझी २००८ ची टवेरा आहे. केटरिंगचा व्यवसाय, त्यामुळं मागच्या सीटा काढून पातेली, शेगड्या, सिलिंडर सगळं तिच्यातूनच जातं. दिवाळीनंतर गाडी डावीकडं कलायला लागली. कोल्हापुरात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी काही न मोजता डाव्या टॉर्शन बारचा बोल्ट सहा फेरे आवळून दिला. पुढून गाडी वर आली, पण आता स्पीडब्रेकर उतरताना खट्ट आवाज येतो आणि डाव्या टायरची बाहेरची कड झिजायला लागलीय. परवा आजऱ्याच्या लग्नाला जाताना निम्मा तांबडा रस्सा गाडीत सांडला. मागून बघितलं तर अजून थोडी कललेलीच दिसते. अजून आवळू, की बारच बदलू?

उद्यमनगर_मिस्त्री
दादा, आधी पाना खाली ठेवा. पुढं टॉर्शन बार असलेल्या गाड्यांवर माझी २६ वर्षं गेली, क्वालिस झाल्या, टवेरा झाल्या. निम्म्या गाड्यांत दुखणं मागं असतं आणि पिळला जातो पुढचा बोल्ट.

हा बार म्हणजे पीळ घेऊन काम करणारी सरळ स्प्रिंग. एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, दुसरं चॅसीच्या आडव्या मेंबरवर, तुमचा बोल्ट तिथंच. बोल्ट आवळल्यानं बार कडक होत नाही. कडकपणा बारच्या जाडी-लांबीवर ठरतो, बोल्टानं फक्त उंची बदलते. उंची जास्त झाली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, आर्म स्टॉपरला जाऊन बसतो. तुमचा खट्ट आवाज तिथलाच. गाडी उचलली की चाक वरच्या बाजूनं बाहेर झुकतं, म्हणून टायरची बाहेरची कड जाते.

आता असं करा. सपाट फरशीवर गाडी घ्या, सामान उतरवा, चारी टायरची हवा बघा. बंपर धरून तीन-चार वेळा दाबून सोडा. मग चारी ठिकाणी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजून लिहून ठेवा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागच्या ॲक्सलच्या बरोबर मधोमध जॅक लावून मागची चाकं जेमतेम उचला आणि पुढचं माप परत घ्या. या वेळी गाडीखाली कुणी जायचं नाही. मागं टेकू मधोमध एकच असला की मागच्या पाट्यांची, म्हणजे पानांच्या स्प्रिंगांची, खोड पुढं येत नाही. आता पुढचा फरक गेला किंवा उलटा झाला, तर पाटे बघा. फरक तसाच राहिला तर बार, आर्मच्या सांध्यातले रबरी बुश आणि बॉल जॉइंट बघा.

बोल्ट फिरवायचाच असेल तर पुढून चॅसीला जॅक लावून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा, चाकं लोंबकळली पाहिजेत. भार असताना आवळला की आटे जातात. बोल्टावर रंगाची खूण करा, एका वेळी एकच फेरा, मग गाडी खाली घेऊन, हलवून परत माप. आणि बोल्ट पूर्ण काढायच्या भानगडीत घरी पडू नका. बोल्टाकडचा पिळलेला छोटा आर्म सुटला तर हात मोडतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

बावडा_घाट
मिस्त्रींचं बरोबर आहे. आमच्याकडं पावसानं हे बोल्ट गंजून बसतात. आदल्या रात्री वायर ब्रश मारून गंज सोडवायचं तेल टाकून ठेवा. काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही बघा, गगनबावड्याच्या धुक्यात वर गेलेला झोत काही दाखवत नाही.

केटरर_गारगोटी
मिस्त्री, काल रविवारी मोजलं. पुढं उजवीकडं ४२ सेंमी, डावीकडं ४३. मागं उजवीकडं ४४, डावीकडं ४०. जॅक मधोमध लावल्यावर पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा अडीच सेंमी वर! खाली टॉर्च मारली तर डाव्या मागच्या पाट्यातलं दुसरं पान तुटलेलं. सिलिंडर कायम त्याच बाजूला ठेवतो.

उद्यमनगर_मिस्त्री
मग झालं. नुसतं तुटलेलं पान बदलू नका, दोन्हीकडचे पाटे उतरवून कमान सारखी करून घ्या, बुश नवीन टाका. त्यानंतर डावा बोल्ट एकेक फेरा सैल करत उजव्याच्या मापाला आणा. शंभरेक किलोमीटर चालवून परत मोजा, मगच अलाइनमेंट. टायर मागं टाकू नका, बदला.

केटरर_गारगोटी
पाटे काल झाले. बोल्ट पाच फेरे सैल केला, दोन्हीकडं ४२. खट्ट आवाज गेला. गुरुवारी राधानगरीला जेवणं आहेत, येताना परत मोजून इथं टाकतो.